सेंडकीजनं डायलॉग बंद करणाऱ्यांनो, जरा थांबा

जिनिंगवाला: परवा एकानं टाकलं का मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचे (डेटाबेसच्या प्रोग्रामचे) 'खरंच करू का?' विचारणारे कन्फर्मचे डायलॉग त्रास देतात तं टायमर लावा, सेंडकीजनं (कोडातून कळ दाबणाऱ्या आज्ञेनं) एन्टर मारा, झालं. काहून बाप्पा? जी खिडकी समोर असंल तिलेच एन्टर जाते. हिंगणघाटकडं एका जिनिंगमधे काटापावत्यांची अपेंड क्वेरी (टेबलात नव्या नोंदी टाकणारी) चालली, पावती नंबर डुप्लिकेट म्हणून काही रेकॉर्ड जात नाहीत असा डायलॉग आला, कोडनं त्यालेच 'यस' केलं, अन् शेतकरी चुकाऱ्याले आला तं यादीत नावच नाही! क्वेरी कोडातून चालवाले करंटडीबी डॉट एक्झिक्यूट लिहा, त्याले डीबीफेलऑनएरर लावा. डायलॉग येतच नाही, गडबड झाली तं एरर येते.

काट्यावरचा: ज्ञान बरोबर, पण ऑपरेटर पाह्यले का कधी? दारव्ह्याच्या पुढं खेड्यात पोरगा डायलॉग दिसला का 'नो' दाबते अन् मले फोन. म्या हे डायलॉगच बंद करणारं सेटवॉर्निंग्ज फॉल्स टाकलं, सीझनभर चाललं. तुमच्या एक्झिक्यूटले क्वेरीत फॉर्मवरची तारीख दिली का एरर ३०६१, टू फ्यू पॅरामीटर्स, म्हंजे क्वेरीले ती तारीख भेटतच नाही. ते नाही सांगितलं.

जिनिंगवाला: क्वेरीडेफचे (कोडातून धरलेल्या क्वेरीचे) पॅरामीटर कोडातून भरा न, आळस कायले? अन् मधात एरर येऊन सेटवॉर्निंग्ज परत ट्रू कराची ओळ राह्यली का ॲक्सेस बंद करेपर्यंत सगळं मुकं, हातानं रेकॉर्ड उडवलं तरी विचारत नाही. चाललं म्हणे!

मास्तर: मूळ दुखणं इंग्रजी मेसेजचं. मराठीत द्या, पोरगं वाचंल.

काट्यावरचा: व्हीबीएच्या (ॲक्सेसच्या कोडाच्या) एडिटरमधे मराठी टाकून पाहा, नुसती प्रश्नचिन्हं.

मास्तर: मंग कृतीदेव फॉन्ट वापरा.

जिनिंगवाला: त्याचं नाव काढू नका राजेहो! आत सगळी इंग्रजी अक्षरं, फॉन्ट नसंल तं कचरा. सातबाऱ्यावर नाव युनिकोडात (खऱ्या मराठी अक्षरांत), जुन्या पावत्या कृतीदेवात, शोधलं तं एक जुळत नाही. माझ्या बाबाच्याच पावत्या हातानं शोधाव्या लागल्या, अन् तुम्ही म्हणता कृतीदेव.

मास्तर: आमच्या शाळेचे सगळे दाखले त्यातच आहेत. कोणाचं अडलं?

जिनिंगवाला: दाखला छापाचा असते, शोधाचा नसते, मास्तर! टेबलात युनिकोडमधे मेसेज ठेवा, आपलाच फॉर्म एसीडायलॉगनं (तो बंद होईपर्यंत कोड थांबते) उघडा, लेबलात दाखवा. नुसती माहिती असंल तं टायमरइंटरव्हल ५००० मिलिसेकंद ठेवा, पाच सेकंदांनी बंद होऊ द्या. त्याले माझी ना नाही.

काट्यावरचा: म्हणजे टायमरनं बंद केलेलं चालते! बरं, एक्झिक्यूट लावतो बाप्पा. एरर आली का पोरगा आता तुमालेच फोन लावंल, नंबर देऊन ठेवतो त्याले.