फिट 'उतरते', 'थांबते' की 'ओसरते'?

प्रश्न

गावातल्या आशाताईंसाठी अपस्माराबद्दल एक पानभर माहिती मराठीत लिहिते आहे. एका वाक्यावर अडले: 'फिट संपल्याची वेळ नोंदवा.' संपली म्हणजे नेमकं काय झालं? धाकट्या भावाला नववीपासून फिट येते. आई म्हणते 'उतरली', आजी म्हणायची 'शमली', डॉक्टर म्हणतात 'थांबली'. एकदा दवाखान्यात विचारलं, किती वेळ होती? आईने सांगितलं अर्धा तास, आणि केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं. झटके मात्र दोनेक मिनिटंच होते, मी घड्याळ बघत होते. बाकी वेळ तो निपचित पडून होता. ही चूक शब्दाची आहे असं मला वाटतं. कोणता शब्द वापरू?

उत्तर

ताई, मी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या हालचालींचा आलेख, काढण्याचं काम करतो. अंगभर झटक्यांची फिट चालू असताना आलेख हाती लागला तर त्याचा शेवट ओळखू येतो. आधी शरीर ताठतं तेव्हा रेघा दाट, टोकदार, खच्चून भरलेल्या असतात. मग आचके सुरू होतात आणि आलेखात टोकांचे झुबके दिसतात, मध्ये मोकळी जागा. ही जागा वाढत जाते. झटके विरळ होतात, दोघांमधलं अंतर लांबत जातं, एक शेवटचा येतो आणि सगळं एकदम बंद. रेघा जवळजवळ सपाट होतात, काही सेकंद, कधी मिनिटभर किंवा जास्तही. त्यानंतर संथ, मोठ्या लाटा येतात आणि हळूहळू नेहमीचा आलेख परततो.

म्हणजे इथे दोन शेवट आहेत. विजेचा गोंधळ ठरावीक क्षणी थांबतो. नंतरची गुंगी, ग्लानी ओसरते, पुराचं पाणी ओसरतं तशी, आणि तिला अर्धा तास लागू शकतो, कधी त्याहून जास्त. आईंनी दोन्ही मिळून एक आकडा सांगितला. त्या तरी काय करणार, आपण विचारतोच 'किती वेळ होती' असं मोघम.

हा फरक नुसता भाषेचा नाही. अंगभर झटक्यांची फिट बहुधा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर ती तातडीची अवस्था धरून उपचार सुरू करायचे, ही मर्यादा जागतिक अपस्मार संघटनेच्या 2015 च्या व्याख्येत आहे. झटके अर्धा तास चालले असते तर मेंदूला इजा होण्याची भीती होती. म्हणून केसपेपरवरचा तो अर्धा तास मला अस्वस्थ करतो.

आणखी एक

आमच्या वऱ्हाडात मिरगी म्हणतात, लहान मुलांना आली तर आकडी. आणि 'उतरली' सर्रास. ताप उतरतो, विष उतरतं, अंगातलं भूत उतरतं, त्याच रांगेतलं हे क्रियापद. त्यात कोणीतरी उतरवलं असा अर्थ दडलेला असतो. कांदा हुंगवला, हातात चावी दिली, चप्पल नाकाशी धरली आणि उतरली. दोन मिनिटांत ती थांबणारच होती, पण श्रेय कांद्याला! माझ्या चुलत्यांच्या दातांत चमचा घालण्याच्या धडपडीत त्यांचा पुढचा दात तुटला. तुमच्या पानावर 'उतरली' नको, ही कळकळीची विनंती.

अपस्मार हा शब्दही नंतरच्या अवस्थेसाठी मोलाचा वाटतो. स्मृती निघून जाणे, असा त्याचा अर्थ. झटक्यांचा त्यात उल्लेखच नाही.

प्रश्नकर्ती

मग आजीचं 'शमली' बरोबर का? आग शमते तसं? की मेंदू दमून थांबतो?

उत्तर

दमून थांबतो ही समजूत जुनी, एकोणिसाव्या शतकातली. पण 1992 मध्ये येल विद्यापीठातल्या अभ्यासात रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या सूक्ष्म नळ्यांतून द्रव तपासला, तेव्हा फिटच्या काळात अ‍ॅडेनोसिन खूप वाढलेलं दिसलं आणि ते नंतरही वाढलेलंच राहिलं. हा पदार्थ पेशींची खळबळ कमी करतो. फिटमध्ये वाढणारी आम्लता हाही एक लगाम असल्याचं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. मेंदू नुसता थकत नाही, आतून लगामही खेचला जातो. कारण सांगताना आजीचं 'शमणं' मला फार नेमकं वाटतं. वेळ नोंदवताना मात्र 'थांबणं'च.

थोडं विषयांतर. ढोलपथकातले सगळे ढोल एका ठोक्यावर थांबतात, कारण कोणीतरी इशारा करतं. मेंदूत इशारा करणारा कोणी दिसत नाही, तरीही दूरदूरच्या जागांवरची खळबळ कित्येकदा जवळपास एकाच वेळी बंद पडते. मेंदूच्या आत बसवलेल्या तारांच्या नोंदींवरून 2007 मध्ये दाखवलं गेलं, की शेवट जवळ येतो तसा निरनिराळ्या जागांचा ताल अधिकाधिक जुळत जातो. 2012 मध्ये बॉस्टनच्या गटाला शेवटाआधी लय मंदावत जाण्याच्या खुणा सापडल्या. न तुटणाऱ्या फिटमध्ये मेंदू त्याच उंबऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा येतो आणि ओलांडता न आल्यासारखा मागे फिरतो, असं त्यांचं निरीक्षण. 'थांबली नाही' याचा अर्थ मला तेव्हा नव्याने कळला.

प्रश्नकर्ती

वाक्य असं केलं: 'झटके थांबले ती वेळ लिहा. शुद्ध आली ती वेळ वेगळी लिहा.' पण माझ्या मैत्रिणीच्या मुलीला झटकेच नसतात. बोलता बोलता टक लावून बघत राहते, काही सेकंदच. तिथे काय लिहू? मैत्रीण म्हणते, 'नजर जागेवर आली.'

उत्तर

तेच लिहा, शब्द न बदलता. या प्रकारात आलेखावर सेकंदाला साधारण तीन या वेगाने टोक आणि लाट, टोक आणि लाट अशी नक्षी येते. 1935 मध्ये बॉस्टनमध्ये तिचं वर्णन झालं. ती नक्षी तुटली की मूल अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे बोलायला लागतं. इथे ओसरायला ग्लानीच नसते.