मदत हवी आहे : इंजिन बंद केलं की कॅम्परमधला फ्रिज बंद पडतो

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) करून घेतलीय. फ्रिज १२ व्होल्टचा, कॉम्प्रेसरवाला, गॅसचा नाही. इंजिन चालू असेल तर चोर्ला घाट ओलांडून गोव्यापर्यंत दूध, मासे सगळं व्यवस्थित राहतं. गाडी उभी केली की कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतो, टक् आवाज येतो, लाल दिवा लुकलुकतो, बंद.

फ्रिजसाठी बॅटरी इंजिनच्या बॅटरीपेक्षा वेगळी आहे, १०० एएचची (अँपिअर-अवर), लोड टेस्टमध्ये पास. फ्यूज बदलला, अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट केला. फ्रिजचा लो व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज ठराविक आकड्याखाली गेलं की फ्रिज बंद करणारी सोय) सगळ्यात खालच्या सेटिंगवर आहे. फरक शून्य.

मीटरचे आकडे बघा. कॉम्प्रेसर सुरू होताना बॅटरीच्या टर्मिनलवर १२.४, पण त्याच क्षणी फ्रिजच्या प्लगवर जेमतेम १०.३. म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच जातात. वायर पाऊण स्क्वेअर एमएमची, एका बाजूने सात मीटर. शिवाय फ्रिजचा प्लग ज्यात लावतो तो लायटर सॉकेट हाताला चांगलाच गरम लागतो. गॅरेजवाले नवीन बॅटरी घ्या म्हणतात, ते मला पटत नाही.

प्लायचं पॅनेलिंग उचकटायचं नाही, त्यामुळे नवीन वायर चेसिसखालून न्यावी लागेल. आंबोली-खानापूरकडचा पाऊस आणि चिखल धरून सांगा: बॅटरीपासून थेट ४ स्क्वेअर एमएम पुरेल की ६ च टाकू, फ्यूज १५ अँपिअरचा चालेल का, आणि लायटर सॉकेटऐवजी कुठला कनेक्टर वापरू? उद्यमबागेत किंवा निपाणीकडे हे काम नीट करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन कुणाच्या माहितीत आहे का?