रस्त्याचं काँक्रीट चालणार नाही
नेरुळच्या स्केटपार्कचं काम रस्त्याच्या कंत्राटदाराला द्या, स्वस्तात होईल, असं सुचवलं गेलंय. कृपया तसं करू नका. स्केटबोर्डची चाकं जेमतेम ५०-५५ मिमीची आणि टणक. रस्त्याला चालणारी सांध्यातली चीर तिथे पोराला तोंडावर आपटवते. वळणदार उतार हातानेच घोटावे लागतात, काठाचा लोखंडी पाइप काँक्रीटच्या किंचित बाहेर यावा लागतो. आणि आपल्या पावसात खोलगट भागाच्या तळाला ड्रेन हवाच, नाहीतर चार महिने डासांचं डबकं.

चालवायचं कसं, यासाठी मध्य प्रदेशातल्या जनवार गावचा २०१५चा पार्क बघा. तिथे शाळा बुडवली तर स्केटिंग बंद, आणि मुलींना पहिला मान. हा दुसरा नियम आपणही पहिल्या दिवसापासून लावूया. मोठ्या मुलांनी एकदा जागा अडवली की ती सोडवणं फार जड जातं.