मदत हवी आहे: ॲस्ट्रोसाइट कॅन्सरला मारतात की पोसतात?

नमस्कार मंडळी,

आईच्या स्तनाच्या कॅन्सरला चार वर्षं झाली. आता एमआरआयमध्ये मेंदूत दोन गाठी दिसल्यात. पुढच्या आठवड्यात रेडिएशन सुरू होईल. आमच्या डॉक्टरांवर माझा पूर्ण विश्वास आहे, उपचारांचा सल्ला मागत नाहीये. रात्री झोप येत नाही म्हणून वाचत बसते आणि एका जागी अडकले आहे.

ॲस्ट्रोसाइट म्हणजे मेंदूतल्या न्यूरॉनना सांभाळणाऱ्या, ताऱ्याच्या आकाराच्या पेशी. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या जोआन मासागे यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की या पेशींमुळे प्लाझ्मिन (प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम) तयार होतं आणि मेंदूत शिरलेल्या बहुतेक कॅन्सरपेशी त्याने मरतात. ज्या वाचतात त्या न्यूरोसर्पिनसारखी प्रथिनं सोडून प्लाझ्मिन बनूच देत नाहीत, रक्तवाहिनीला बिलगून वाढतात. इथपर्यंत कळलं.

मग त्याच गटाचं २०१६ चं काम वाचलं. तगलेल्या कॅन्सरपेशी कनेक्सिन ४३ या प्रथिनाच्या सूक्ष्म वाटांनी ॲस्ट्रोसाइटला जोडून घेतात आणि त्यातून सीगॅम्प नावाचा रेणू पलीकडे सरकवतात. विषाणू शिरल्यावर वाजावी तशी धोक्याची घंटा तिथे वाजते. ॲस्ट्रोसाइट इंटरफेरॉन आणि टीएनएफ ही इशारा देणारी प्रथिनं सोडते, आणि त्याच्याच जोरावर कॅन्सरपेशी केमोतही टिकून राहते. राखणदारानेच चोराला जेवू घालावं तसं हे. वाचून फार वाईट वाटलं.

मला लागलेला अर्थ असा: आधी मारतात, पण त्यातून सुटलेल्यांना नंतर पोसतात. हे बरोबर आहे का? की दोन्ही एकाच वेळी चालतं?

दुसरं, त्या २०१६ च्या प्रयोगात मेक्लोफेनामेट या सूज उतरवणाऱ्या औषधाने उंदरांमधल्या गाठींची वाढ रोखली गेली. मामा म्हणतो, "साधी दुखण्यावरची गोळी आहे, देऊन बघू." मी साफ नाही म्हटलं. आईला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू आहे, त्यावर असली गोळी दिली तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. पण उंदरांवर लागू पडलेलं औषध आईला लगेच का द्यायचं नाही, हे मामाला पटेल असं कसं सांगू?

आणि एक. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या २०१५ च्या कामात ॲस्ट्रोसाइटच कॅन्सरपेशीतला पीटेन हा गाठ रोखणारा जीन गप्प करतात असं दिसलं. त्या कॅन्सरपेशी मेंदूबाहेर काढल्या की तो परत जागा होतो. मग आईच्या स्तनाच्या गाठीचा चार वर्षांपूर्वीचा बायोप्सी रिपोर्ट मेंदूतल्या गाठींना कितपत लागू धरायचा? सोमवारी डॉक्टरांना भेटायचंय, त्याआधी हा प्रश्न नीट कसा मांडायचा ते जाणकारांनी कृपया सांगावं.