मदत हवी आहे: बॉर्डरलँड्स २, एंजलच्या मिशननंतर दादाने कंट्रोलर खाली ठेवला, पुढे कसं न्यावं?

(कथेतली मोठी गोष्ट खाली उघड लिहिलीय, ज्यांना गेम अजून संपवायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा.)

नमस्कार मंडळी. आम्ही पेडणे तालुक्यातले. दादा तारवटी, आठ-नऊ महिने बोटीवर आणि मग दोन-अडीच महिने घरी. तो घरी असला की रात्री जेवणं उरकून, वहिनी छोटीला झोपवायला गेली की आम्ही दोघं टीव्ही अर्धा-अर्धा वाटून बॉर्डरलँड्स २ खेळतो, पीएस४ वर हँडसम कलेक्शन घेतलंय त्यातला. गेम २०१२ चा आहे पण चित्रं कॉमिकसारखी जाड काळ्या रेघांची, त्यामुळे जुना वाटतच नाही. दादा साल्वाडोर घेतो, दोन हातांत दोन बंदुका. मी माया. मी शत्रूला हवेत अडकवून धरायचं आणि त्याने उडवायचं, हे आमचं ठरलेलं. आणि कोणी पडला की दुसऱ्याने धावत जाऊन उठवायचं, तेव्हा दादा "आयलो रे, आयलो" असा ओरडतो की बाबा आतून विचारतात काय झालं.

गेम का आवडला ते आधी सांगतो, नाहीतर माझा प्रश्न कळणार नाही. मी बरेच शूटर खेळलोय, त्यात सगळे गंभीर चेहरे करून जग वाचवत असतात. इथे पँडोरा नावाचा उजाड ग्रह, सगळे तिजोरीच्या, म्हणजे व्हॉल्टच्या मागे लागलेले, आणि खलनायक हँडसम जॅक सुरुवातीलाच तुम्हाला कॉल करतो तो तोंडात काहीतरी कुरुमकुरुम चावत. तुम्हाला मारायचं सोडून त्याने विकत घेतलेल्या हिऱ्याच्या घोड्याबद्दल सांगत बसतो. तुम्ही मेलात की तुम्हाला पुन्हा जिवंत कोण करतं? त्याच जॅकच्या हायपेरियन कंपनीचं मशीन, वर खिशातले पैसे कापून घेऊन. एका ठिकाणी एक माणूस उभा राहून "माझ्या तोंडावर गोळी मार" म्हणून जीव तोडून ओरडतोय, खांद्यावर मारली तर चिडतो, तोंडावर मारली की मिशन पूर्ण. बस्स, एवढंच मिशन!

बंदुकांमध्येही तोच स्वभाव आहे. टेडिओर कंपनीची बंदूक रिलोड करायची तर सरळ फेकून द्यायची, ती समोर जाऊन बॉम्बसारखी फुटते आणि हातात नवी येते. हे पहिल्यांदा झालं तेव्हा दादा इतका हसला की गेम थांबवावा लागला. तो म्हणाला बोटीवर साधा पाना घेतला तरी नोंद करावी लागते आणि इथे बंदूकच भिरकावून देतायत. त्याला इतकं मोकळं हसताना मी फार वर्षांनी बघितलं, आणि माझ्यासाठी हा गेम म्हणजे तेच आहे. वर्षातले साठ-सत्तर दिवस मिळतात आम्हाला, त्यातल्या रात्री या.

बाबा तरुणपणी गावच्या दशावतारात संकासूर करायचे. एकदा पाणी प्यायला बाहेर आले ते मागच्या खुर्चीवर बसलेच. जॅक तेव्हा चमच्याची गोष्ट सांगत होता, एक माणूस चमचा घेऊन त्याच्यावर धावून आला आणि याने त्याच चमच्याने त्याचे डोळे काढले, पोरं बाजूला रडतायत आणि हा सांगताना हसतोय. मी बाबांना अर्थ सांगितला. बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, संकासूर पण आधी लोकांना हसवतो, भटजीची टर उडवतो, लोक त्याच्या बाजूने होतात, वेद चोरलेत हे विसरूनच जातात. मला ते एकदम पटलं. पण एक फरक आहे. विष्णू संकासुराला मारतो तेव्हा मांडावर कोणाच्या पोटात तुटत नाही.

इथे तुटलं. एंजल पहिल्या मिनिटापासून आपल्याला वाट दाखवणारा आवाज. मग कळतं की ती जॅकची सख्खी मुलगी, मायासारखीच सायरन, म्हणजे अचाट शक्ती असलेली बाई, आणि बापाने तिला कोंडून नळ्यांतून एरिडियम नावाचं त्या ग्रहावरचं खनिज चढवत ठेवलंय, व्हॉल्टची चावी चार्ज व्हावी म्हणून. तीच आपल्याला सांगते त्या नळ्या फोड, म्हणजे मी सुटेन. आपण फोडायला लागतो आणि तो जॅक, इतका वेळ खिल्ली उडवणारा, कॉलवर विनवण्या करायला लागतो, मग धमक्या, परत विनवण्या. आवाजच बदलतो त्याचा. दुसरी नळी फुटली तेव्हा मी बाजूला बघितलं तर दादाच्या अर्ध्या स्क्रीनवर साल्वाडोर नुसता उभा. दादाचे अंगठे हलत नव्हते. शेवटची नळी मी एकट्याने फोडली. त्यानंतर लगेच आपल्याच बाजूच्या रोलंडचं जे होतं ते झालं, आणि दादाने कंट्रोलर टीपॉयवर ठेवला, "झोप आता" म्हणाला आणि बलकांवात, म्हणजे बाहेर व्हरांड्यात, जाऊन बसला.

दादाची मुलगी साडेचार वर्षांची आहे. व्हिडिओ कॉलवर ती त्याला रोज एकच विचारते, आज किती दिवस राहिले.

पुढचे आठ दिवस रोज "उद्या खेळूया" झालं आणि तो गेला. आता चवथीला येतोय. मला हा गेम त्याच्याबरोबरच संपवायचाय, एकट्याने नाही. तर ज्यांनी पूर्ण खेळलाय त्यांनी प्लीज सांगा, यापुढे किती जड आहे? त्याला परत हसवेल असं काही उरलंय का, की सरळ दुसरा गेम काढू? याच गेमचा जोडभाग आहे ना, टायनी टीना या पोरीचं ड्रॅगन कीप, ते आधी खेळलं तर चालेल का, नावावरून तरी गमतीचं वाटतं. आणि मधल्या काळात मी थोडा सराव केला तर सेव्हचं काय होईल, तो मागे राहायला नको.

---

साखळीचा_सायको: मुख्य कथेच्या मोजून तीन मिशन उरल्यात, टॉइल अँड ट्रबल, डेटा मायनिंग आणि शेवटची द टॅलन ऑफ गॉड. जॅक आता चेष्टा कमी करतो, राग जास्त. पण शेवटच्या मिशनमध्ये क्लॅपट्रॅप रोबो तुमच्यासोबत लढायला निघतो, मोठं भाषण देऊन दार उघडतो, आणि समोर पायऱ्या! त्याला एकच चाक. तिथे दादा हसला नाही तर मला सांगा. सेव्हचं म्हणाल तर प्रत्येक कॅरेक्टरची प्रगती वेगळी साठते आणि दोघं खेळताना होस्टची, म्हणजे ज्याने गेम सुरू केला त्याची, कथा चालते. सरावाला दुसरं नवीन कॅरेक्टर काढा, मायाला हात लावू नका, म्हणजे दोघं जिथे थांबलात तिथूनच सुरू होईल.

मडगावची_मेकरोमान्सर: ड्रॅगन कीप आधी अजिबात नको!! मी ती चूक केली होती. वरून सगळा धिंगाणा आहे, टीना टेबलावर फासे टाकून आपल्या बाजूच्या लिलिथ, मॉर्डेकाय आणि ब्रिकला राजे-राक्षसांची गोष्ट खेळवते, मनाला येईल तसे नियम बदलते. पण ती गोष्टीत रोलंडला परत परत जिवंत आणत राहते आणि बाकीचे तिला हळूच समजावतात. ते सगळं रोलंड गेल्यावरचं आहे. मुख्य कथा संपवा, दोन दिवस जाऊ द्या आणि मग दोघांनी बसून खेळा. मी माझे आजोबा गेले त्या वर्षी खेळले, शेवटी टीना जे बोलते त्याने मी खूप रडले आणि नंतर बरं वाटलं. तुमच्या दादाला तो गेम नको असेल असं मला वाटत नाही, त्याला तो फार आतपर्यंत लागलाय. पण तुम्ही त्याला त्या रात्रीबद्दल विचारलंत का? आधी ते विचारा.

साखळीचा_सायको: +१. जॅक असा का झाला ते बघायचं असेल तर त्याच कलेक्शनमध्ये याच मालिकेतला प्री-सिक्वल नावाचा गेम आहे, पण तो मागाहून.

पेडण्याची_माया (धागाकर्ता): दोघांचे मनापासून आभार. मेकरोमान्सर ताई, तुमचं वाचून काल रात्री दादाला मेसेज केला, बोट सध्या बंदरात आहे म्हणून लगेच उत्तर आलं. सरळ विचारलं, एंजलमुळे थांबलास का. बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि मग आलं, "तो बाप तिला जवळ ठेवायचं म्हणून कोंडतो आणि मी लांब राहतो, तरी मला तो आवाज ओळखीचा वाटला." मी काय लिहू ते कळेना. मग त्यानेच खाली लिहिलं, "जॅकला सोडायचा नाही हं, मी आल्यावर." म्हणजे खेळणार आहे.

तर माटोळी बांधून झाली, गणपती बसले की दुसऱ्या रात्री बसू. बाबांनाही खुर्ची ठेवतो, त्यांना जॅकचं शेवटी काय होतं ते बघायचंय. सराव मी वेगळ्या कॅरेक्टरवर सुरू केलाय.

फक्त एक राहिलं. दादाच्या कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप पुढे सरकते, साल्वाडोर स्वतःच चालत सुटतो. म्हापशात किंवा पणजीत चवथीच्या आधी दुरुस्त करून देईल असं कोणी माहीत आहे का? नवीन घेऊ शकतो, पण त्याला तोच हवा असतो.