आई कोविड वॉर्डात जातेय, तिला ऐकू येत नाही, सोबत कुणाला सोडत नाहीत

कृष्णाकाठ – २१ एप्रिल २०२१, रात्री ११.४०

आईचा ऑक्सिजन दुपारी ८९ झाला. शेजाऱ्यांचं सिलिंडर लावलंय, पहाटे साताऱ्यात बेड मिळतोय. वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नाही. आई सहा वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. मशीन घातलं तर भांडं पडल्याचं कळतं, बोलणं नाही. बोलणं ती ओठांवरून वाचते, आणि वर्षभर सगळ्यांच्या ओठांवर मास्क! हॉस्पिटलवाले म्हणाले, "रोज संध्याकाळी पेशंटशी फोनवर बोलून घ्या." काय बोलू?

तिच्या खुणा घरच्या आहेत. बाबा म्हणजे मिशीवर बोट, मी म्हणजे हनुवटीवरचा तीळ. पुण्या-मुंबईचा दुभाषा व्हिडिओवर मिळाला तरी त्याला त्या कळायच्या नाहीत. चौथी शिकलीय, चष्मा लावून हळूहळू वाचते. सोबत काय काय देऊ?

रात्रपाळी – २२ एप्रिल, १२.२५

ताई, मी कोविड वॉर्डात स्टाफ नर्स आहे. पीपीईत आमचे फक्त डोळे दिसतात, गॉगलला वाफ धरली की तेही नाही. गेल्या सप्टेंबरात आमच्याकडे अशाच एक आजी होत्या. रात्री तीनला ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायच्या. फाइलवर 'सहकार्य करत नाहीत' असा शेरा पडला, हात बांधायची वेळ आली होती. सकाळी मुलाचा फोन आला तेव्हा कळलं की त्यांना ऐकूच येत नाही. मास्कच्या इलॅस्टिकखाली कानामागचं मशीन दाबलं जाऊन टोचत होतं, एवढंच. मला अजून त्याची लाज वाटते.

म्हणून केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घ्या: 'ऐकू येत नाही, वाचता येतं.' तोच कागद उशाशी चिकटवायला सांगा. आई उजव्या हाताने लिहीत असतील तर सलाईन डाव्या हाताला लावायला सांगा. लिहायचा आणि खुणांचा हात अडकला तर त्यांचं बोलणंच बंद. मोठ्या अक्षरांची कार्डं करा: पालथं झोपा, दम लागतोय का, कुठे दुखतंय. त्यांवर सेलोटेप लावा, सॅनिटायझरने शाई फुटते. आणि चष्मा विसरू नका!

चाकावरचा – २२ एप्रिल, ७.१०

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ उपचारात प्राधान्य द्यायला सांगतं. पहाटे वॉर्डाच्या दारात ते दाखवून दार उघडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी अधीक्षकांना लेखी अर्ज द्या: पीपीई घालून एका माणसाला रोज दहा मिनिटं आत सोडा. पोच घ्या. संमतीपत्रावर सही आईचीच घ्या, वाचायला देऊन. माझ्या पायांबद्दलसुद्धा डॉक्टर माझ्या बायकोला विचारतात, म्हणून सांगतोय.

शुभचिंतक_७१ – २२ एप्रिल, ९.०२

देवावर विश्वास ठेवा. सगळं चांगलं होईल.

कृष्णाकाठ – २५ एप्रिल, रात्री ९.१५

अर्ज फेटाळला. "तुम्हाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल." पोच मात्र दिली.

रात्रपाळीताई, सलाईन डाव्या हाताला आहे. लाल अक्षरं मी स्वतः उभं राहून लिहून घेतली. वॉर्डातल्या एक मावशी संध्याकाळी फोन धरतात, मी मास्क काढून घरातून बोलते, आई माझे ओठ वाचते. काल तिने 'पालथं झोपा'चं कार्ड उलटं करून मागे लिहिलं, 'अजून किती वेळ?' मावशींनी त्याचा फोटो पाठवला. आता कार्डावर घड्याळ काढून वेळ दाखवतात. ऑक्सिजन लावून ९४ आहे.

एक अडचण आहे. मशीनचे सेल संपत आलेत. ६७५ नंबरचे, निळ्या पट्टीचे. नव्या निर्बंधांमुळे आमचा दुकानदार शटर उघडत नाही. वाई, सातारा, कराड भागात कुणाकडे जास्तीचं पाकीट असेल तर सांगा, मी येऊन घेईन. पट्टी काढलेले नकोत, हवा लागली की ते उतरतात.