रीचिंगला स्पिनेकरचा पोल वर उडतो, गाय-लाइन श्राउडवर घासते, काय करू?

हौशी_सुकाणू
नमस्कार मंडळी. माझी १५ फुटी दोन जणांची डिंगी (छोटी शिडाची बोट) आहे, साधा सिमेट्रिक स्पिनेकर (पुढचं फुगणारं मोठं शीड, त्याचा वाऱ्याकडचा कोपरा पोल म्हणजे दांड्याच्या टोकाला असतो). वारा मागून असला की सगळं मस्त चालतं, पण वारा आडवा झाला की, म्हणजे रीचिंगला, पोल पुढे जाऊन फोरस्टेवर (डोलकाठीपासून बोटीच्या पुढच्या टोकाला येणारी तार) टणकन आपटतो, टोक वर उडतं आणि गाय-लाइन (पोलचं टोक मागे धरणारा दोर) श्राउडला (डोलकाठीची बाजूची तार) इतकी घट्ट घासते की परवा बघितलं तर दोराचं कव्हर पिंजून आतला कोअर दिसायला लागलाय. गाय आणि शीट (शिडाच्या दुसऱ्या कोपऱ्याचा दोर) एकाच ८ मिमी पॉलिस्टरची, थेट मागच्या ब्लॉकमधून (कप्पीतून) घेतलेली. क्रू हायकिंगला (बोट कलू नये म्हणून काठाबाहेर झुकायला) बाहेर गेला की तो दोर नेमका त्याच्या छातीशी. जाड दोर घेऊ का?

दर्या_७
जाड नको, न ताणणारा घ्या. रीचिंगला पोल जवळजवळ बोटीच्या मध्यरेषेत येतो, त्यामुळे गाय आणि पोलमधला कोन एकदम चिंचोळा होतो. कोन २० अंश असेल तर पोल बाजूला धरायला लागणाऱ्या जोराच्या जवळपास तिप्पट ताण दोरात येतो, १० अंशांवर तोच पावणेसहापट. म्हणून दोर जरासा ताणला तरी पोलचं टोक वीतभर पुढे जातं. डायनीमा (फार कमी ताणणारा धागा) कोअरचा ६ मिमी पुरेल. आणि तोच जोर पोलमधून डोलकाठीवर येतो, तेव्हा तिथली रिंग आणि तिचे रिव्हेट हलवून बघाच, ते सैल झालेले कुणी बघत नाही.

वाऱ्यावरची_वरात
दादा, दोर बदलाच पण आधी ट्विंग लावा, तुमचा खरा त्रास तिथेच आहे. गाय-लाइनवर सरकणारा एक छोटा ब्लॉक, त्याला बारीक दोरी, ती श्राउडजवळ बोटीच्या काठावरच्या ब्लॉकमधून खाली घेऊन आत क्लीटला (दोर धरून ठेवणारी पकड). दोन्ही बाजूंना एकेक. रीचिंगला वाऱ्याकडची पूर्ण ओढायची म्हणजे गाय काठाला येते, श्राउडवर घासत नाही, क्रूच्या अंगावर येत नाही आणि पोलचं टोकही खाली धरलं जातं. दुसऱ्या बाजूची मात्र पूर्ण सोडून द्यायची!! ती विसरली की शीट खाली ओढली जाते, शिडाची मागची कड बंद होते आणि बोट नुसती कलत बसते.

जुना_नाखवा
ट्विंग चांगलीच, पण मला काठावरचा साधा हुक आवडतो, गाय त्यात अडकवली की झालं, दोऱ्या कमी. जाइबला (वारा मागून ठेवून शिडं दुसऱ्या बाजूला घेताना) काढायला हात लागतो हे खरं. बाकी डाउनहॉल (पोल खाली धरणारा दोर) डोलकाठीच्या बुंध्याकडे घेतलाय ना? नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) घेतला असेल तर पोल हलवला की प्रत्येक वेळी तोही ॲडजस्ट करावा लागतो. पोल फोरस्टेला कधी टेकू द्यायचा नाही, चार बोटं अंतर ठेवायचं, आणि त्या जागी गाय-लाइनवर काळ्या मार्करने खूण करून ठेवायची.

हौशी_सुकाणू
डाउनहॉल बुंध्याकडेच आहे काका. तात्पुरता ब्लॉक बांधून ट्विंग करून बघितली, पोल जागचा हलला नाही!! खूप बरं वाटलं. पण झोत आला की बोट अजून वाऱ्याकडे वळते आणि टिलर (सुकाणूचा दांडा) ओढूनही ऐकत नाही, तेव्हा काय सोडायचं?

वाऱ्यावरची_वरात
आधी स्पिनेकर शीट, लगेच किकर (मोठ्या शिडाचा आडवा दांडा खाली ओढणारा दोर). रीचिंगला शीट क्लीट करायचीच नाही, हातात ठेवायची, रॅचेट ब्लॉक (एकाच दिशेने फिरणारी, दोर धरून ठेवणारी कप्पी) असेल तर हात दुखत नाही. शिडाची पुढची कड जराशी दुमडेपर्यंत सोडत राहायचं आणि दुमडली की तेवढीच घ्यायची, सतत. झोत दिसला की टिलरवाल्याने कलायच्या आधीच बोट वाऱ्यापासून खाली घ्यायची, कललेल्या बोटीचं सुकाणू पाण्याबाहेर येतं मग ते काय ऐकणार.

जुना_नाखवा
आणि एवढं करूनही सारखी शीट सोडावी लागत असेल तर त्या वाऱ्याला तो कोन जास्तच वरचा आहे, स्पिनेकर उतरवून जिबवर (पुढचं छोटं शीड) जा, बोट जास्त पळेल.